भिंतकाकांचा अंगठा

बँकेच्या दारावरचा रखवालदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुपकेदार मिशा, हातात बंदूक आणि वटारलेले डोळे येतात. भिंतकाकांना मिशा नव्हत्या, बंदूक बँकेने कधी दिलीच नाही, आणि डोळ्यांचं म्हणाल तर ते बहुतेक वेळ भिंतीकडे लागलेले असायचे. नाव पडलं ते त्यावरूनच.

त्याचं असं झालं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "तुम्ही दाराकडे बघायचं. लोकांच्या हातांकडे बघायचं नाही." साहेब बोलले आणि विसरून गेले. काकांनी मात्र ते जे मनावर घेतलं ते घेतलंच. त्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या मागून आलेल्या सहा साहेबांची झाली, तरी काकांचा नेम चुकला नाही. कुणी नोटा मोजायला लागलं की काका तोंड फिरवायचे. कुणी सही करायला वाकलं की तोंड फिरवायचे. पुढे दाराशेजारी पैसे काढायचं यंत्र बसलं. त्यावर आकडे दाबताना टुक-टुक आवाज व्हायचा, तोही कानावर पडू नये म्हणून काका गुणगुणायला लागले. गाणं कुठलं ते आजतागायत कुणाला ओळखता आलेलं नाही.

दाराच्या डाव्या हाताची भिंत त्यांना तोंडपाठ झाली होती. तीस वर्षांत तिचा रंग सात वेळा बदलला. मधोमध एक खिळा होता, त्यावर पूर्वी घड्याळ असायचं. खिळ्याच्या खाली, काकांच्या नाकासमोर, रंगाचा एक पोपडा दर दोन वर्षांनी त्याच जागी निघायचा.

सवय घरापर्यंत आली होती. दुकानात पुढच्या माणसाने पाकीट काढलं की काका मागे वळायचे, आणि मागचा माणूस उगाच दचकायचा. घरी काकूंनी कपाट उघडलं की काका खिडकीबाहेर बघायला लागायचे.

"अहो, चादर काढतेय मी, खजिना नाही," काकू म्हणायच्या. पण त्यांनीही कधीच हात टेकले होते.

एकुलती एक लेक. ती लहान असताना बाजारात चालताना काकांचा हात धरत नसे, अंगठा धरायची, कारण तिच्या मुठीत तेवढाच मावायचा. अंगठा चांगला जाडजूड होता. बँकेच्या जुन्या लोखंडी दारात तो एकदा चेंगरला होता, त्याची आडवी खूण नखावर राहिली होती. लेक ती खूण चाचपून बघायची आणि मगच चालायला लागायची. आता ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती, सहा तासांच्या अंतरावर, आणि तिचे दिवस भरत आले होते. काकू तिच्या मदतीला पुढे गेल्या होत्या. एकतीस तारखेला काका निवृत्त होणार, एक तारखेला सकाळची बस पकडणार, आणि पंधरवड्याने नातवंड त्यांच्या मांडीवर येणार, असा सगळा बेत ठरला होता. लेकीने फोनवर बजावून ठेवलं होतं, "बाबा, बाळाला पहिल्यांदा तुम्ही घ्यायचं. आई म्हणते मी घेणार, पण मी तुमचं नाव सांगून ठेवलंय." काका त्यावर नुसतं "बघू" म्हणाले होते आणि नंतर दिवसभर दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला विनाकारण हसून दाखवत होते.

आता या सरळ बेतात अंगठा कसा अडकला ते सांगायला हवं.

बँकेने पूर्वी खातेदारांना एक एक डबी दिली होती. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची. बटण दाबलं की तिच्यावर सहा आकडे उमटायचे, ते घातल्याशिवाय घरबसल्या पैसे पाठवता येत नसत. म्हाताऱ्या लोकांनी या डब्या रुमालात गुंडाळून, डाळीच्या बरणीत खुपसून जिवापाड जपल्या. मग वरून हुकूम आला की डब्या बंद. आता ज्याचा त्याचा फोन हीच त्याची डबी. पैसे पाठवायचे झाले की फोनवर एक चौकोन येईल, होकार मागेल. बोट टेकवा, नाहीतर आपला चार आकडी गुप्त आकडा दाबा, की काम फत्ते. शिवाय शाखेतल्या पाच खिडक्यांपैकी चार बंद झाल्या, त्यामुळे फोनवाचून गत्यंतर नव्हतं.

मॅनेजरबाई नव्या होत्या. तिशीच्या आतबाहेर, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. त्यांनी दाराजवळ एक टेबल मांडलं आणि काकांना म्हटलं, "काका, सगळे तुम्हालाच ओळखतात. ओळ लावून द्या आणि लागेल तशी मदत करा."

पहिल्याच दिवशी इस्त्रीवाल्या आजी आल्या. नाक्यावर त्यांचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. वय सत्तरीच्या पुढे, एकट्या राहणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला खुर्ची शोधायला लावणाऱ्या. आकडा घालायची वेळ आली तसे काका भिंतीकडे वळून गुणगुणले. आजींनी कुठलेतरी चार आकडे दाबले. मग बोट टेकवायची पाळी आली. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. आजींनी दुसरं बोट लावलं. पुन्हा प्रयत्न करा. पंचेचाळीस वर्षं सोड्याचं पाणी आणि तापलेली इस्त्री, बोटांवर रेषा म्हणून उरली नव्हती. टोकं नुसती गुळगुळीत.

"दहाच्या दहा नापास," आजी म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या काकांचा हात धरला. "भिंत्या, तुझा अंगठा आण इकडे. तीस वर्षं दार राखतोयस, फोन नाही राखता येणार?"

काकांचा अंगठा फोनने पहिल्या फटक्यात ओळखला.

काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं तर आपण फिरवून देतोच की, त्यातलाच हा प्रकार असं ते समजले. आजींनी ही सोय नाक्यावर जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. सिमेंटने त्याची बोटं खाल्ली होती. मग सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा धारवाला आला. त्याच्या रेषा दगडावर घासल्या गेल्या होत्या. मग खानावळीत भांडी घासणाऱ्या दोघी जावा आल्या. त्या बाजूची सगळी वस्तीच हातांवर पोट असलेल्यांची. पंधरवड्यात अशा अकरा जणांच्या फोनात काकांचा अंगठा जाऊन बसला. आकडे सगळ्यांनी घातले होते, पण घरी पोचेपर्यंत विसरले, कारण अंगठा असताना आकडा लक्षात ठेवायचा कशाला?

मग रोजचं सुरू झालं. "काका, जरा अंगठा." विजेचं बिल भरायचं, अंगठा. मुलाला पैसे पाठवायचे, अंगठा. गवंडी तर रस्त्यापलीकडूनच स्वतःचा अंगठा उंचावून खूण करायचा, आणि नवख्या माणसाला वाटायचं की हा काकांना चिडवतोय. पण खरी गंमत पुढे आहे. इतकं सगळं करताना काकांनी आपला नेम मोडला नाही. कुणी फोन पुढे केला की ते आधी भिंतीकडे तोंड करायचे, गुणगुणायला लागायचे, आणि मग हात मागे करून अंगठा देऊ करायचे. कुणाचा व्यवहार कुणाशी, किती, कशासाठी, यातलं अक्षर त्यांनी वाचलं नाही. तीस वर्षांची अब्रू त्यांनी अशी पाठीमागे हात करून सांभाळली.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना एका दुपारी मॅनेजरबाई बाकावर बसलेल्या लोकांना समजावत होत्या. काका दारात उभे होते.

"हा फोन म्हणजे किल्ली आहे, बरं का," बाई म्हणत होत्या. "दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. ज्याचं बोट या फोनला चालतं, त्याच्या हातात तुमचं सगळं खातं आहे असं समजा. मग तो माणूस कितीही चांगला असो."

 काकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात नावं मोजली. अकरा. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्याच्या हातांकडे पाहिलं नाही, त्याच्या एका बोटावर अकरा घरांच्या किल्ल्या लटकत होत्या, आणि एक तारखेच्या सकाळी तो त्या घेऊन बसमध्ये बसणार होता.

ते तडक बाईंच्या खोलीत गेले. टोपी काढली.

"मॅडम, माझ्याकडे अकरा किल्ल्या आहेत."

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता थांबल्या. दार लावून घेतलं.

"काका, तुम्ही चोरी करणार नाही हे मला ठाऊक आहे. पण उद्या अकरातल्या एकाच्या खात्यात जरी गडबड झाली, तरी पहिलं बोट तुमच्याकडेच जाईल."

"बोट माझंच आहे, मॅडम."

"तेच तर. हे मला वर कळवावंच लागेल. आज नाही कळवत. एकतीस तारखेला तुमच्या निवृत्तीच्या कागदावर सही करताना कळवीन. तेव्हा एकतर लिहीन, अकरा फोनांत रखवालदाराचा अंगठा आहे. नाहीतर लिहीन, होता, पण काढला. पहिलं लिहिलं तर चौकशी लागेल, आणि ती संपेपर्यंत तुम्हाला गाव सोडता येणार नाही. महिने लागतात त्याला." बाईंनी आवाज खाली आणला. "प्रत्येकाने स्वतः पासबुक घेऊन यायचं, नवा आकडा घ्यायचा, तो लक्षात ठेवायचा, आणि तुमचा अंगठा पुसायचा. तुमची लेक वाट बघतेय ना? मग लागा कामाला."

काका कामाला लागले. वाटलं होतं दोन दिवसांत उरकेल. पण ज्यांच्यासाठी करायचं तेच हटून बसले.

"म्हणजे तुझा आमच्यावर विश्वास नाही?" गवंडी म्हणाला.

"अरे, तुमचा माझ्यावर आहे, हीच पंचाईत झालीय."

"मग असू दे की. आम्ही कुठे तक्रार केली?"

"मी चाललोय ना गावाला. अंगठा काय खुंटीला टांगून जाऊ?"

रात्री जेवायला बसायच्या आधी काकूंचा फोन यायचा. सगळी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "हवं तर अंगठा तिथेच ठेवा, बाकीचे तुम्ही या. पोरगी तोंडाने सांगत नाही, पण ती रोज कॅलेंडर बघते." काकांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही.

एकेकाला धरून आणायला सुरुवात झाली. धारवाला पहिला तयार झाला. तो आकडा म्हणून पाठ करत नव्हता. कात्रीला किती वेळा या बाजूने आणि किती वेळा त्या बाजूने दगड लावायचा, तसा त्याने तो हातात बसवला. काय बसवलं ते काकांना कळलं नाही, कारण ते भिंतीकडे होते. भांडी घासणाऱ्या जावांनी दोघींनी एकच आकडा घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं. मग दोघी एकमेकींना आपला आकडा सांगणार नाही म्हणून रुसल्या, आणि त्या रुसव्यातच दोघींचेही आकडे पक्के पाठ झाले.

गवंड्याने मात्र कमाल केली. तो आला, नवा आकडा घेतला, काका नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळून गुणगुणत होते. अंगठा पुसला गेला, गवंडी खुशीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरांतलाच एक, पुस्तकं बांधणारा बुकबाइंडर आला, काका वळले, आणि त्यांच्या नाकासमोर, त्या ठरलेल्या पोपड्याच्या शेजारी, पेन्सिलीने चार आकडे लिहिलेले. जन्मभर मापं भिंतीवर लिहिणाऱ्या माणसाने हेही माप भिंतीवरच टिपून ठेवलं होतं, आणि तेही अख्ख्या शहरात ज्या एका भिंतीकडे काका बघतात त्या भिंतीवर.

काकांनी डोळे गच्च मिटले आणि बाहीने भिंत पुसायला लागले. बुकबाइंडरला वाटलं, निवृत्तीच्या विचाराने माणूस हळवा झाला, भिंतीला कुरवाळतोय.

"विसरलो असतो तर?" गवंडी नंतर म्हणाला. "आणि तू तर तिकडे बघतच असतोस. राखण आयतीच होते."

त्याचा आकडा पुन्हा बदलावा लागला. काकांना हसावं की डोकं आपटावं ते कळेना. डोकं आपटायला भिंत समोर होतीच, पण ते हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा गवंड्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लिहिणार नाही आता. जा तू पोरीकडे."

तीस तारखेपर्यंत दहा मोकळे झाले. उरल्या त्या इस्त्रीवाल्या आजी.

आजींचं एकेक कारण चाललं होतं. आधी गुडघा दुखत होता. मग चष्मा सापडत नव्हता. मग पासबुक सापडत नव्हतं. एकतीस तारखेला सकाळी त्या आल्या खऱ्या, पण रिकाम्या हाताने, आणि बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. चार वाजता निरोपाचा छोटा कार्यक्रम होता. आतल्या टेबलावर केकचं खोकं येऊन पडलं होतं. मॅनेजरबाईंच्या समोर कागद होता आणि शेवटची ओळ कोरी होती.

काका आजींच्या शेजारी बसले. ड्यूटीवर असताना ते बाकावर बसले, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आजी, खरं सांगा. आकडा लक्षात राहणार नाही म्हणून घाबरताय?"

"मला गिऱ्हाइकांचे चाळीस-चाळीस शर्ट लक्षात राहतात. कुणाची कॉलर विरलीय, कुणाचं बटण तुटलंय. चार आकड्यांची काय कथा?"

"मग?"

आजी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. दुकान, घर, दुकान. या अंगठ्याच्या निमित्ताने एक दिवसाआड इथे येते. तू विचारतोस, आजी जेवलात का. तो आकडा मला काय विचारणार आहे?"

  काकांनाही या दाराची, या बाकाची, या म्हातारीच्या हसण्याची सवय झाली होती, आणि ती आता सुटणार होती.

"आकडा नाही विचारणार," ते म्हणाले. "मी विचारीन. रोज. फोन काय नुसता बँकेसाठी घेतलाय तुम्ही?"

तेवढ्यात त्यांच्या खिशातलाच फोन वाजला. काकू होत्या. आवाज इतका मोठा की शेजारी आजींना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं.

"अहो, हिला दवाखान्यात आणलंय. दोन आठवडे आधीच. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, आज रात्रीपर्यंत किंवा उद्या सकाळी होईल. ती तुमचं विचारतेय. लवकर निघता येईल का?"

काका उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहिले. मॅनेजरबाई धावत बाहेर आल्या. त्यांनी आपल्या संगणकावर पाहिलं. दीडच्या बसला एक जागा होती. पाऊण वाजला होता.

"काढा ना तिकीट तुमच्या फोनवरून," बाई म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. अकरा जणांच्या फोनांची राखण करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या फोनवर बँक कधी घेतलीच नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला कशाला, मी तर बँकेतच असतो.

"मीच काढते," बाई म्हणाल्या.

"थांब गं पोरी." आजी उठल्या. गुडघ्याचं नाव नाही. पिशवीत हात घातला आणि पासबुक बाहेर काढलं. तीन आठवडे ते तिथेच होतं. "त्याचं तिकीट माझ्या खात्यातून निघेल. तू तुझ्या यंत्रावर भर, होकार माझ्या फोनवर माग. आधी तो अंगठा पूस. माझा आकडा मला दे."

पाच मिनिटांत अंगठा पुसला गेला. काका भिंतीकडे, गुणगुणणं सुरू. आजींनी नवा आकडा घातला. बाईंनी तिकिटाची माहिती भरली, आणि आजींच्या फोनवर चौकोन उगवला.

आजींनी चार आकडे दाबले. चुकला.

"चष्मा," आजी म्हणाल्या आणि चष्मा लावला. पुन्हा दाबले. पुन्हा चुकला.

"आजी, आता जपून," बाई हळूच म्हणाल्या. "तिसऱ्यांदा चुकला की उद्यापर्यंत फोन बंद." त्यांचा हात नकळत स्वतःच्या पर्सकडे गेला.

"तू थांब. आणि भिंत्या, तू आधी ते गुणगुणणं बंद कर. तीन आठवडे तेच डोक्यात घोळतंय, त्यात आकडा कसा आठवणार? आणि तुम्ही सगळे काय बघताय माझ्याकडे? फिरा तिकडे."

सगळे फिरले. बाई फिरल्या. खिडकीतला कॅशियर फिरला. रांगेतले सहा जण फिरले, आणि पैसे काढायच्या यंत्रापाशी उभा असलेला एक परका माणूसही, काय चाललंय ते न कळता, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या घटकेला बँकेत चोर शिरला असता तर त्याला आजींशिवाय कुणी पाहिलं नसतं. काका आपल्या पोपड्याकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारात इतकी शांतता होती, आणि त्या शांततेत चार वेळा टुक आवाज आला.

"झालं," आजी म्हणाल्या.

बाईंच्या संगणकावर तिकीट आलं होतं. काका वळले तेव्हा आजी फोन छातीशी धरून उभ्या होत्या, आणि चेहरा असा, की जणू पहिल्या नंबराने पास झाल्यात.

बाईंनी कागदाची शेवटची ओळ भरली, होता, काढला, आणि सही ठोकली. निरोपाचं भाषण राहिलं. केक खोक्यासकट काकांच्या हातात दिला गेला. गवंड्याने त्यांना आपल्या दुचाकीवर मागे बसवून बस थांब्यावर पोचवलं. वाटेत केक एका बाजूने चेपला. बस सुटताना काकांनी खिडकीतून पाहिलं, तर गवंडी नेहमीसारखा अंगठा उंचावून उभा होता.

बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, कोवळं ऊन खिडकीत शिरायच्या वेळेला. मुलगी. लेकीने दिलेला शब्द पाळला, काकू पुढे झालेल्या असताना ती पडल्या पडल्या म्हणाली, "आई, थांब. आधी बाबा." काकूंनी तोंड वाकडं केलं, आणि मग पदराने डोळे पुसत स्वतःच बाळ काकांच्या हातांत ठेवलं. बाळाने डोळे उघडले नाहीत. हात मात्र हवेत चाचपडला, काकांच्या अंगठ्याशी आला, नखावरच्या खुणेवरून फिरला, आणि मूठ मिटली. लेक ते बघत होती. तिला रडू फुटलं, पण ती हसत होती.

बारा वाजता काकांचा फोन वाजला. उजवा अंगठा अजून सुटलेला नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने कसाबसा फोन कानाला लावला.

"तू विचारशील म्हणून वाट पाहिली," पलीकडून इस्त्रीवाल्या आजी म्हणाल्या. "मग म्हटलं, आपणच विचारावं. जेवलास का?"

"अजून नाही, आजी. हात अडकलाय. मुलगी झाली."

 आजींच्या मागे वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज ऐकू येत होता.

"कुणासारखी दिसते रे?"

काकांनी सवयीने मान भिंतीकडे वळवली होती. ती त्यांनी परत आणली.

"थांबा, नीट बघून सांगतो," ते म्हणाले, आणि बघत राहिले.